हाताची घडी

"आत्या, ती सारखं हनुवटीला बोट का लावायलीय?"

रविवारची सकाळ होती. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्याच्यात पेडगावहून सुकेशनी दिसत होती, सुगतची आई. चार वर्षांचा सुगत पोह्यातले शेंगदाणे वेचून खात होता आणि खाता खाता त्यानं हे सहज विचारलं, पंखा का फिरायलाय असं विचारावं तसं. धम्मशीलेचा चहाचा कप ओठापर्यंत येऊन तिथंच थांबला. कारण सुकेशनी हनुवटीला नुसतं बोट लावत नव्हती, ती पोराला हाक मारत होती. सुगतच्या हनुवटीवर खळी आहे. तो जन्मला त्या दिवशी दवाखान्यातल्या खाटेवर त्याच्या आईनं त्या खळीत करंगळी टेकवली, मग तीच करंगळी स्वतःच्या हनुवटीला लावून जमलेल्या सगळ्यांना दाखवली: हे याचं नाव. सुगत हे नाव पुढे बारशाला ठेवलं, कागदावर चढलं, लोकांच्या तोंडी बसलं. पण ज्या घरात आईला ऐकू येत नाही आणि बापालाही नाही, त्या घरात त्याचं खरं नाव ही करंगळीच होती. आणि आता ते नाव पोराला ओळखू येत नव्हतं. "तुला हाक मारायलीय रे," धम्मशीला म्हणाली. आवाज आपलाच आहे ना, असं तिला वाटलं. "तुझं नाव हाय ते." सुगतनं मोबाईलकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. "माझं नाव तर सुगत हाय," तो म्हणाला आणि पुढचा शेंगदाणा शोधायला लागला.

मोबाईलमध्ये सुकेशनीनं पुन्हा करंगळी हनुवटीला लावली. मग तिनं धम्मशीलेकडे बघून भुवया वर केल्या: काय म्हणाला? धम्मशीलेनं हातातला कप खाली ठेवला, हात मोकळे केले आणि हातांनीच सांगितलं, पोहे आवडले म्हणतो. सुकेशनी हसली. असली भाषांतरं धम्मशीला जन्मभर करत आली होती. तिचा थोरला भाऊ बुद्धभूषण जन्मापासून बहिरा. ती बोलायला लागली तशी त्याची वाणी झाली, कुणी तिला विचारलं नाही, ठरवलंही नाही. वडील भगवानराव त्याला पाथरीच्या बाजारात कपडे घ्यायला न्यायचे तेव्हा हिलाही बरोबर घ्यायचे, कापडाच्या गाठोड्यावर उभी करायचे. दुकानदार म्हणायचा, "इच्यार तुझ्या मुक्याला, ह्यो सदरा घालतो का उघडाच फिरतो." आणि ही इवलीशी पोरगी भावाला हातांनी सांगायची, ते विचारतात तुला कोणता रंग आवडतो. किती जणांचे किती शब्द तिनं असे वाटेतच गिळून टाकले होते. भावापर्यंत जग पोचायचं ते हिच्या हातातून स्वच्छ होऊन. म्हणून बुद्धभूषण आजही समजतो की पाथरीची माणसं फार गोड. ती मात्र दहा-बारा वर्षांची होईतो मोठ्या बाईसारखी दमून गेली होती, दवाखान्यात डॉक्टरांपुढे, शाळेत मास्तरांपुढे, पंचायतीत, लग्नाकार्यात, आणि गावात तिला धम्मशीला असं कुणी म्हणतच नव्हतं, मुक्याची बहीण म्हणत होते.

सुगतला परभणीला आणलं ते या एका गोष्टीपायी. गावात लोक म्हणत, हिला मूल नाही म्हणून भावाचं उचलून नेलं. तसं नव्हतं. अगदीच तसं नव्हतं असंही नाही, पोराला आंघोळ घालताना त्याची ओली टाळू नाकाशी आली की ती हुंगतच बसायची हे ती कशाला नाकारील. पण आणलं ते वेगळ्या कारणानं. तिची आई सत्यशीला असती तर प्रश्नच नव्हता, ती नातवाशी अखंड बडबडली असती. ती गेली तेव्हा पोर पाळण्यात होतं, वडील तर त्याआधीच गेलेले. मग त्या घरात बोलणारं कुणी उरलंच नाही. बुद्धभूषणची पिठाची गिरणी घराला लागून, दिवसभर तिची धडधड, आणि तिच्या आड ते शांत घर. पोर दीड वर्षाचं झालं, पावणेदोनचं झालं, तोंडातून शब्द नाही. शेजारच्या तानुबाई एकदा धम्मशीलेला म्हणाल्या, "पोरगं लय गुणाचं हाय गं, पर हातवारेच करायलंय. माय-बापावानीच व्हतंय की काय." त्या वाईट बाई नव्हत्या. पण धम्मशीलेला ते ऐकून अंगावर थंड पाणी पडल्यासारखं झालं. हे पोर ऐकणारं. म्हणजे हे पोर थोडं मोठं झालं की बाजारात गाठोड्यावर उभं राहणार. दुकानदाराचे शब्द गिळणार. मुक्यांचा पोरगा. तिनं भावाला आणि वहिनीला हातांनी समजावलं: सहा महिने माझ्याकडे राहू द्या, बोलायला लागला की आणून सोडते. बुद्धभूषणनं लगेच मान हलवली, त्याचा बहिणीवर कायमच विश्वास.  सुकेशनीनं पोराचे कपडे घडी करायला घेतले.

आणि धम्मशीलेनं त्याला बोलतं केलं, मनापासून, जीव ओतून. याबद्दल तिला कुणी नावं ठेवू शकणार नाही. कॉलेजातल्या कारकुनीवरून घरी आली की चप्पल काढायच्या आधी बोलणं सुरू. मेथी निवडायला बसली की, हे पान, ही काडी, ही माती, माती कुठं टाकायची? आणि प्रश्न विचारला की गप्प बसायचं, पोराच्या तोंडाकडे बघत, उत्तर येईपर्यंत. नवरा, जीवन, मध्येच उत्तर द्यायचा तर त्याला डोळे वटारायची. आंघोळीला गुडघा, घोटा, कोपर. रस्त्यानं म्हैस, टमटम, चिंचेचं झाड, त्याच्यावरचा कावळा, कावळ्याला भूक लागली असंल का रे? झोपताना रोजची एक गोष्ट, आणि तीच गोष्ट उद्या त्यानं सांगायची, चुकली तरी टोकायचं नाही. पोर पाण्यासारखं वाहायला लागलं. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, याच्याएवढं वर्गात कुणीच बोलत नाही. फक्त एक केलं तिनं. पोर तहान लागली की अंगठा ओठाशी न्यायचं, भूक लागली की पाच बोटं जुळवायचं, आणि हे एवढं चटकन, एवढं स्पष्ट की समोरचा माणूस पेला आणून द्यायचाच. मग ते तोंड कशाला उघडेल? म्हणून तिनं नियम काढला. तिला तिच्या शाळेत शिकवलेला, आपल्या सगळ्यांनाच शिकवलेला. हाताची घडी. आधी हाताची घडी घालायची, मग तोंडानं मागायचं. बाळ, घडी. पेला हातात वर धरून ती उभी राहायची, आणि ते दोन वर्षांचं पोर कोवळे हात एकमेकांत कोंबून, ओठांचा चंबू करून, डोळ्यांत पाणी आणून धडपडायचं, आणि एक दिवस "पापी" म्हणालं, पाणी, आणि तिनं त्याला उचलून घरभर नाचवलं. जीवन एकदाच म्हणाला होता, "आगं, हातानं मागितलं तर काय बिघडायलंय? मागायलाय तर खरं." ती म्हणाली, "तुमाला न्हाई कळायचं." त्याला कळलं होतं आणि तिला नव्हतं, हे आज पोह्यांच्या बशीपुढे बसून तिला दिसत होतं. पोर मुकं कधीच नव्हतं. ते अखंड बोलत होतं. गिरणीआडच्या त्या घरात आई त्याला पान, काडी, माती सगळं सांगत होती, प्रश्न विचारत होती, उत्तराची वाट बघत होती, पीठ माखल्या हातांनी गोष्टीही सांगत होती. आणि धम्मशीला, जिला ती भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली, तिनंच तिला हातवारे म्हटलं.

सहा महिने कधीच उलटून गेले होते. आधी दर रविवारी पेडगावला न्यायची, पण तिथून आलं की पोर दोन दिवस पुन्हा हातांनी मागायचं, म्हणून मग महिन्यानं, मग सणावाराला, मग मोबाईल आहेच की. "मी याला पेडगावला घेऊन जायलेय," ती उठत म्हणाली. "उन्हाळ्याची सुट्टी हाय. तिथंच ठेवते सुट्टीभर." जीवननं बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती पिशवीत कपडे कोंबायला लागली. चार वर्षांचं तर आहे, ती स्वतःला सांगत होती, या वयात पोरं काय वाटेल ते शिकतात, गेलेलं परत येतं, सुट्टीत येईल. येईलच.

काळीपिवळी जीप भरायला वेळ लागला. सुगत तिच्या मांडीवर, खिडकीशी, बाहेर दिसेल त्याचं नाव घेत होता, ट्रॅक्टर, पाण्याची टाकी, शेळ्या, मेलेलं कुत्रं. शेजारची म्हातारी कौतुकानं म्हणाली, "लय गोड बोलतंय ओ लेकरू." धम्मशीलेनं त्याला जवळ ओढलं. "सुगत, आपण गंमत करू. हे बघ, हे पाणी." तिनं अंगठा ओठाशी नेला. "ही भाकर. ही आई." आईची खूण करताना तिची बोटं नाकपुडीच्या कडेला चमकीच्या जागी टेकली आणि तिला तिची स्वतःची आई आठवली, तीच खूण, तीच चमकी. सुगत तिच्या हातांकडे टक लावून बघत होता. क्षणभर तिला वाटलं त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आत खोल कुठंतरी. त्याचा उजवा हात मांडीवरून थोडासा उचलला गेला. मग त्यानं तो आवरला, दोन्ही हातांची नीट घडी घातली, पाठ ताठ केली. "हातानं न्हाई मागायचं," तो शहाण्यासारखा म्हणाला. "तूच तर म्हणलीस." म्हातारी खो खो हसली. धम्मशीला त्याची घडी सोडवायला गेली, त्यानं खेळ समजून ती आणखी घट्ट केली, आणि तिला जास्त जोर लावायचा धीर झाला नाही.

गिरणी चालू होती. बुद्धभूषणच्या भुवयांवर पीठ होतं. त्याचा एक हात नेहमीसारखा यंत्राच्या अंगावर, पट्टा घसरायला लागला की त्याला तळहातातून कळतं. बहिणीला आणि पोराला दारात बघून त्यानं गिरणीच बंद केली, दळण घेऊन आलेल्या बाईला हातानं थांब म्हणाला, आणि आला. त्यानं सुगतला उचललं. सुगत जरा अवघडला, पण भ्याला नाही, बापाच्या तोंडावरच्या पिठाकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमी भूत दिसायलाव." बुद्धभूषणला ऐकू आलं नाही, पण ओठ हललेले दिसले. त्यानं आपला तळहात अलगद पोराच्या गळ्यावर ठेवला. बोल, असं त्यानं दुसऱ्या हातानं खुणावलं. "बोल रे, अजून बोल," धम्मशीलेनं सांगितलं. सुगत बोलला, बालवाडीतलं एक गाणंच म्हणून टाकलं. आणि बुद्धभूषणचा चेहरा, काय सांगावं, तळहाताखाली पोराचा आवाज थरथरत होता आणि बापाचा चेहरा उजळत चालला होता. त्यानं बहिणीकडे बघून मूठ छातीवर दोनदा आपटली. त्यांच्या लहानपणच्या भाषेत याचा अर्थ, तू माझ्यासाठी केलंस.  दळणवाली बाई म्हणाली, "सोनं केलंस गं बाई लेकराचं."

सुकेशनी आतून आली ती हात पुसत. ती धावली नाही. दोन पावलांवर थांबून उकिडवी बसली, पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि करंगळी हनुवटीला लावली. सुगतनं आत्याच्या कमरेला विळखा घातला. "माझं नाव हाय ते," तो आत्याला म्हणाला, सकाळी शिकवलेलं आठवून, पण आईकडे न बघता. सुकेशनीनं हातांनी विचारलं, भूक लागली? पडवीतली शेळी व्याली, बघायची? तिचे हात सुरेख चालतात, सावकाश, लहान मुलासाठी मोठ्या खुणा करून. पोर त्या हातांकडे बघत राहिलं, पावसाकडे बघावं तसं. मग त्याला वाटलं आपणही काहीतरी बोलायला पाहिजे. ते बोलायला लागलं, जीपमधून दिसलेलं मेलेलं कुत्रं, म्हातारी, घरी असलेला निळा चेंडू, भराभरा. सुकेशनी त्याच्या ओठांवर डोळे रोवून बसली. मोठ्या माणसाचे ओठ तिला थोडेफार वाचता येतात. हे छोटे ओठ नुसते उघडमीट करत होते. सुगतला कळलं की पोचत नाहीये. त्यानं आवाज चढवला, मग ओरडला, "निळाऽऽ चेंडूऽऽ!" आणि मग थकून आत्याकडे वळला. "तिला कायच ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, नुसती माहिती होती.

मग सुकेशनीनं ते केलं. धम्मशीलेनं इतक्या वर्षांत तिला असं करताना पाहिलं नव्हतं. बहिऱ्यांच्या शाळेत तिच्याकडून तोंडानं आवाज काढायचा सराव करून घेतला होता म्हणे, आरशापुढे, मेणबत्तीपुढे, पण गावातल्या पोरी हसल्या तसा तिनं तो कायमचा मिटून टाकला. आज तिनं ओठ ओले केले. स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, बरोबर लागतंय का बघायला. आणि पोराला नावानं हाक मारली, लोकांच्या नावानं, तोंडानं. आवाज जाडा निघाला, घशातून घासत, मध्येच चिरकून, पहिलं अक्षर नव्हतंच, शेवटचं लांबून तुटलं. तिनं पुन्हा मारली, अजून जोर लावून. सुगत किंचाळला. आत्याच्या साडीत तोंड खुपसून तो थरथरायला लागला, "घरी चल, आत्या, घरी चल, घरी चल." सुकेशनीला आपला आवाज कसा आला हे कळायला मार्ग नव्हता. पोराकडे बघूनच तिला ते कळलं. तिनं गळ्यावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

पोर रडून रडून आत्याच्या खांद्यावर झोपलं. बुद्धभूषण दळणवाल्या बाईचं पीठ भरून द्यायला गेला, त्याला आत काय झालं ते पुरतं कळलंही नव्हतं. धम्मशीलेनं पोराला मांडीवर घेतलं, हात मोकळे केले. सांगायचं होतं ते सगळं सांगितलं, या वेळी एक शब्द वाटेत न गिळता. पोराच्या हातांना मीच घडी घातली. आज तुझी हाक त्याला ओळखू आली नाही, पोहे आवडले असं मी खोटं सांगितलं. मग म्हणाली: त्याला इथं ठेवून जाते. पहिले दोन दिवस रडेल. लहान आहे, सुट्टीत शिकेल परत. मीही रजा काढून येते मधून मधून. तुझं पोर तुला परत पाहिजे ना? सुकेशनी ऐकत होती, म्हणजे बघत होती. मग तिनं उत्तर दिलं. हात पोटाशी धरून, बारीक खुणा करून, पोरापुढे बायका कुजबुजतात तशी. पोर झोपलेलं होतं, आणि जागं असतं तरी त्याला यातलं काही समजलं नसतं, पण तिची सवय अजून गेली नव्हती.

ती म्हणाली, माझ्याजवळ होता तेव्हा हा रात्री आवाजानं रडायचा नाही. त्याला कळलं होतं की मला ते पोचत नाही. भूक लागली, पोट दुखलं, स्वप्न पडलं, की मला चापट्या मारायचा. मी गाढ झोपेत असले तर बोटांनी माझी पापणी उघडायचा. आता तो तोंडानं रडतो. ती थोडं थांबली. अंधारात हात दिसत नाहीत. हा भिंतीकडे तोंड करून रडत राहील, मी त्याच्या शेजारीच असेन, आणि मला कळणार नाही. तिनं पोराच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. ने त्याला.

  धम्मशीलेला ओरडून रडावंसं वाटलं, आणि मग आठवलं की या घरात ते मांडीवरच्या पोराशिवाय कुणालाच ऐकू जाणार नाही. सुकेशनी उठली. तिनं आतून ताज्या पिठाची पिशवी आणली, शेळीच्या चिकाच्या वड्या डब्यात घालून आणल्या, पोराची पिशवी पुन्हा नीट लावली, सकाळी घाईनं कोंबलेला एकेक कपडा काढून, झटकून, घडी घालून. या वेळीही धम्मशीलेनं तिला थांबवलं नाही.

उन्हं कलती झाली तेव्हा रस्त्यावर जीप आली. सुगत जागा झाला होता आणि झोपेनं सगळं विसरला होता, वडी खात होता. बुद्धभूषणनं त्याला उचलून जीपमध्ये बसवलं, आणखी एकदा त्याच्या गळ्याला हात लावून बघितलं आणि हसला. सुकेशनी जरा मागे, चिंचेच्या सावलीला उभी राहिली, पोर पुन्हा भिऊ नये म्हणून. जीप सुरू झाली. "सुगत," धम्मशीला म्हणाली, "आईला टाटा कर." सुगत खिडकीतून वाकला. वडी दुसऱ्या हातात घेतली आणि पंजा उघडून हात हलवला, खूप वेळ, हसत. सुकेशनीनंही हात वर केला आणि हलवला. तेवढं दोघांनाही एकमेकांचं समजलं.